दोन भागिले पाऊण

मुलं पौन मॅडमच्या रागाला घाबरत नसत. त्या हसल्या की घाबरत. राग आला तर त्या पाठ फिरवून नुसता फळा पुसत. हसल्या की आता कुणाची तरी पाळी येणार, हे पाचवीच्या सगळ्या वर्गाला कळे. सदतीस मुलं वह्यांत डोकं घालत आणि नजर पडू नये म्हणून धडपडत.

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, राजेंद्र नगरातल्या एका लहान खासगी शाळेत मी तीन वर्षं चौथीला शिकवत होतो. माझ्या आणि त्यांच्या वर्गामध्ये प्लायवूडची भिंत होती. त्यामुळे मॅडम मला दिसण्याआधी ऐकू आल्या, आणि नंतरही दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त आल्या. आवाज खणखणीत होता. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्या म्हणत, "आमच्या खानदानात हळू बोलायचं कुणाला जमलंच नाही, भिया." शाळेत त्या मला सर म्हणत, एकटे असलो की भिया, इथल्या बोलीत भाऊ. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या होत्या.

पौन, म्हणजे हिंदीतलं पाऊण, हे नाव त्यांना मुलांनीच दिलं होतं. अपूर्णांक शिकवताना त्या कधीही अर्ध्यापासून सुरुवात करत नसत. "अर्ध्याला कोण घाबरतं? भाकरी मोडली की अर्धी होते. घाबरायचं तर पाऊणला घाबरा," असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी त्या पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणून दाखवत, तीही हिंदीतून, कारण वर्गात मराठी घरची मुलं चारच होती: पौन दूनी डेढ़, पौन तीये सवा दो, पौन चौके तीन. ही पाऊणकी त्यांना वडिलांनी शिकवली होती. ती चुकली की वडील त्यांना घराबाहेर पायरीवर बसवत आणि येईपर्यंत आत घेत नसत. हा किस्सा त्या स्टाफरूममध्ये पुन्हा पुन्हा सांगत, आणि शेवट ठरलेला असे: "मग? मेले का मी? आली ना पाऊणकी?"

शिकवण्याची पद्धत मात्र चांगली होती. त्यावर मी तेव्हाही शंका घेतली नाही, आजही घेत नाही. बहुतेक शिक्षक अपूर्णांकांचा भागाकार एका वाक्यात संपवतात: दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. पौन मॅडम आधी चार दिवस तो नियम सांगतच नसत. मापाची फीत भिंतीला लावत, जुन्या साडीच्या काठाचे पाऊण मीटरचे तुकडे मुलांच्या हातात देत आणि विचारत, "तीन मीटर में पौन मीटर कितनी बार जाएगा?" मुलं तुकडे एकापुढे एक ठेवत. चार वेळा. "तो तीन भाग पौन कितना हुआ?" चार. भागाकार म्हणजे काय, हे पाचवीच्या मुलांना इतक्या सरळ रीतीने सांगताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

ज्याला येत नसे, त्याच्यासाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मूल चुकलं की त्या हसत आणि म्हणत, "जा, दूधवाले से पूछ के आ, पाव लीटर उसको रोज आता है." कधी भाजीवालीकडे पाठवत, कधी सुताराकडे. "और जब तक समझ न आए, क्लास में मत आना." वर्ग हसे. कारण हसलं नाही तर पुढची पाळी आपली, ही भीती असे. असे मी ऐकलेलेच पन्नासेक निरोप असतील. कुणी कधी गेलं नाही. जाणं अपेक्षितही नव्हतं.

खुशी त्याच वर्षी दुसऱ्या शाळेतून आली होती. दहा वर्षांची, बारीक, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी. वडील एका कॉलनीच्या गेटवर गार्ड होते, आई दोन घरी स्वयंपाक करत असे. मॅडमची वाक्यं कोणती खरी धरायची आणि कोणती हसून सोडून द्यायची, हे इतर मुलं पहिलीपासून याच शाळेत राहून शिकत आली होती. खुशीला ते शिकायला सात-आठ महिने मिळाले होते, आणि ती कमी बोलणारी मुलगी होती.

त्या दिवशी फळ्यावर दोन भागिले पाऊण होतं. भिंतीवर दोन मीटर फीत. तुकडा दोनदा बसला, दीड मीटर झालं, अर्धा मीटर उरला. खुशीने वहीत उत्तर लिहिलं: अडीच. पुस्तकात उत्तर होतं दोन पूर्णांक दोन छेद तीन. तास संपायला पाच मिनिटं होती.

"मैडम, आधा बचा है," खुशी म्हणाली. "तो ढाई क्यों नहीं?"

प्रश्न बरोबर होता. पाचवीतलं मूल विचारू शकेल असा याहून चांगला प्रश्न या धड्यात नाही. मॅडमना त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या नेहमी पूर्ण बसणारी उदाहरणं घेत. हे पुस्तकातलं होतं, घाईत फळ्यावर घेतलं होतं. भिंतीपलीकडे मला आधी शांतता ऐकू आली, मग त्यांचं हसू.

"ढाई? वाह! जा बेटा, अन्नपूर्णा रोड पे कपड़ेवाले से पूछ के आ, वो दिनभर यही काटता है. और जब तक समझ न आए, क्लास में मत आना."

वर्ग हसला. घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला खुशी दप्तर घेऊन घरातून निघाली. आठला हजेरी झाली, तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडली. साडेदहाला तिचे वडील, तिने घरी विसरलेला डबा द्यायला शाळेत आले. गेटवरच्या बाईंनी रजिस्टर पाहिलं आणि त्यांना सांगितलं की मुलगी आलेलीच नाही. ते डबा हातात धरून तिथेच उभे राहिले. "आई है, आई है. मैंने खुद गली के मोड़ तक देखा है उसको," एवढंच ते परत परत म्हणत होते.

प्रिन्सिपलच्या खोलीत आम्ही सहा-सात जण जमलो. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं; सकाळी गेटमधून आत येणाऱ्या मुलांत खुशी नव्हती. ठाण्यात फोन केला. प्रिन्सिपल सर म्हणाले, "पेपरवालों को अभी मत बताना कोई." एक शिक्षिका गेल्याच महिन्यातल्या कुठल्याशा घटनेबद्दल बोलू लागली, तिला गप्प केलं. कुणीतरी विचारलं, "घर में कुछ डाँट-वाँट हुई थी?" वडिलांनी मान हलवली. "स्कूल में कुछ हुआ था?"

पौन मॅडम दाराजवळ उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

मीही बोललो नाही. त्यांचं कालचं वाक्य मी भिंतीपलीकडून शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. पण त्या खोलीत मला ते आठवलं ते एक जुनी चेष्टा म्हणून. दोन गोष्टींचा संबंध लागायला काही मिनिटं गेली, आणि लागल्यावरही मी मॅडमकडे बघत राहिलो, की त्या बोलतील. हवालदार आला. मुलीचं वर्णन लिहून घेऊ लागला: उंची, रंग, युनिफॉर्म, केसांतल्या रिबिनी. वडिलांना रिबिनीचा रंग नक्की सांगता येईना. "लाल," मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मैंने बोला था उसको. कपड़ेवाले के पास जा. मैंने बोला था, क्लास में मत आना."

खोलीतल्या घड्याळाकडे मी पाहिलं. वडील आल्यापासून वीस मिनिटं झाली होती.

अन्नपूर्णा रोडवरची कापडाची दुकानं अकराच्या आसपास उघडतात. मी आणि मॅडम रिक्षाने निघालो, तेव्हा त्यांना ते आठवलं. "सव्वासातला निघाली ती. बंद शटरपुढे उभी असेल का रे चार तास? एकटी?" त्या रस्त्यावर सकाळी देवळात येणारे लोक असतात, शाळांच्या बस, बाहेरगावच्या गाड्या. युनिफॉर्ममधली मुलगी तिथे कुणाच्याही नजरेत भरली असती, आणि तसं पाहिलं तर कुणाच्याच नाही. हवालदार मोटारसायकलवर पुढे गेला. वडील त्याच्या मागे बसले होते, डबा अजून हातात होता.

पहिल्या दुकानदाराने मान हलवली. दुसरा म्हणाला, "हाँ, थी एक बच्ची. कुछ नाप पूछ रही थी. हमको लगा माँ ने भेजा है. बोला, दो पीस निकलेंगे, आधा मीटर बचेगा. अभी गई."

"अभी मतलब?"

"अब भैया, बोहनी का टाइम, घड़ी कौन देखे."

तिसऱ्याने तिला अडीच सांगितलं होतं. चौथ्याने हाकलून दिलं होतं. तो ते सांगायला तयार नव्हता; शेजारच्या पानवाल्याने सांगितलं. त्यानंतरच्या तीन दुकानांत कुणी तिला पाहिलं नव्हतं. माग तिथे तुटला. मॅडम प्रत्येक दुकानात आत जात होत्या, काउंटरच्या मागे, ट्रायल रूमच्या पडद्यामागे बघत होत्या. त्यांचा तो आवाज पार बसला होता. एका दुकानात त्यांनी विचारलेलं मालकाला ऐकूच गेलं नाही, मला पुन्हा विचारावं लागलं.

पाण्याच्या टाकीशेजारच्या गल्लीत लेडीज टेलरची एक खोली आहे. खुशी तिथे सापडली. स्टुलावर बसली होती, मांडीवर दप्तर. समोर म्हातारा टेलर वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून तिला दाखवत होता. "देख बिटिया, ये जो आधा मीटर बचा, इसको मीटर से मत नाप. तेरे को पीस काटना है ना? तो पीस से नाप. तीसरे पीस के तीन हिस्से कर. दो हिस्से तेरे पास हैं, एक कम पड़ रहा है. तो दो पीस पूरे, और तीसरे का दो-तिहाई. बस."

खुशीने वर पाहिलं. वडिलांकडे नाही, मॅडमकडे. उभी राहिली.

"मैडम, समझ आ गया," ती म्हणाली. "अब क्लास में आ जाऊँ?"

दुपारचे सव्वाबारा वाजले होते. ती पाच तास बाहेर होती. सकाळी सातपासून काही खाल्लं नव्हतं. वडिलांनी तिला उचललं नाही की मारलं नाही. आधी ते मॅडमकडे वळले आणि हात जोडले. "मैडम, माफ कर देना. बच्ची ने परेशान कर दिया आपको. आगे से गलती करे तो दो लगा देना, बस पढ़ा देना इसको."

परतताना मॅडम रिक्षात एकच वाक्य बोलल्या. "त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं, भिया. ते माझी माफी मागत होते."

तक्रार झाली नाही. प्रिन्सिपल सरांनी विषय मिटवला. पेपरात काही आलं नाही. आठवडाभरात शाळा ते विसरली. मॅडम विसरल्या नाहीत. वडिलांनी पायरीवर बसवल्याचा किस्सा त्यांनी स्टाफरूममध्ये पुन्हा कधी सांगितला नाही. एकदा कुणीतरी आठवण करून दिली, तेव्हा म्हणाल्या, "बसले होते ना पायरीवर, तेव्हा रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस मला पळवून न्यायला आलाय असं वाटायचं. हे मी कधी सांगितलंच नाही कुणाला. मेले नाही, एवढंच सांगत आले."

वर्गात त्यांचं हसणं बंद झालं. हे चांगलं झालं, असं सरसकट म्हणता येत नाही. त्यांच्या शिकवण्यातली धारही त्याबरोबर गेली. वाक्य अर्ध्यावर आलं की त्या थांबत; ते पुढे कुठे जाऊ शकेल याचा अंदाज घेत असाव्यात. मुलांना तो थांबा कळत नसे, ती कुजबुजत. दोन वर्षांनी पाचवीत आलेली मुलं त्यांना सरळ "बोरिंग मैडम" म्हणत. त्यांना कुणीच घाबरत नव्हतं. पण हजेरीत एक नाव कमी निघालं की त्यांचं पेन थांबे. वर्ग तसाच सोडून त्या वऱ्हांड्यात येत आणि स्वतःच्या फोनवरून त्या मुलाच्या घरी फोन लावत. "बुखार है? पक्का? घर पे ही है ना? जरा फोन दो उसको." मुलाचा आवाज ऐकल्याशिवाय त्या आत जात नसत. पालक वैतागत. एकदा शिक्षकसभेत यावर टोमणा आला. मॅडम म्हणाल्या, "माझी वीस मिनिटं उधार आहेत." कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी खाली पाहिलं.

दोन भागिले पाऊण मात्र त्यांनी सोडलं नाही. उलट आता सुरुवातच त्याने करत. अर्धा मीटर उरला की विचारत, "ये जो बचा है, इसको किससे नापोगे?" मुलं मीटर म्हणत. "नहीं. जिससे नाप रहे थे, उसी से." टेलरने सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं घेतलं होतं, आणि कुणाकडून शिकल्या हेही त्या वर्गाला सांगत. खुशी पाचवी पास झाली. सहावीत वडिलांची ड्यूटी बदलली, ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं.

मी शाळा सोडून वर्तमानपत्रात आलो. शहर पानाचं काम होतं. त्या पानावर आठवड्यातून दोन-तीनदा एक चार ओळींची बातमी असते: अमुक भागातून, अमुक वयाचा मुलगा किंवा मुलगी, अमुक कपड्यांत, घरातून निघून परतलेली नाही. माहिती मिळाल्यास ठाण्यात कळवावे. पहिल्या अशा बातमीच्या सकाळी साडेसातला मॅडमचा फोन आला.

"भिया, चौथं पान. ती मल्हारगंजची. मिळाली का?"

मी ठाण्यात विचारलं. रात्रीच मिळाली होती, मैत्रिणीकडे होती. मॅडमना कळवलं. त्यानंतर हे ठरूनच गेलं. निवृत्तीनंतरही त्यांचे फोन येत राहिले. बहुतेक मुलं सापडलेली असत, पुष्कळदा पेपर छापून होण्याआधीच. त्यांनी एकदा विचारलं, "मग ते का नाही छापत तुम्ही?" मी सांगितलं की सापडलेल्या मुलाची बातमी होत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे घाबरवायचं काम तुमचं. बाकीचं ज्याचं त्यानं बघायचं. मीही असंच करत होते."

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. फुप्फुसांत पाणी झालं होतं. दवाखान्यात मी तीनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्यांच्या उशाशी आमचा पेपर होता, शहर पान वर दुमडलेलं. देपालपूरकडची अकरा वर्षांची मुलगी, सकाळी शाळेत जायला निघाली, शाळेत पोहोचली नाही. "मिळाली का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. तिला तेव्हा चार दिवस झाले होते.

तिसऱ्या वेळी नाकाला ऑक्सिजनची नळी होती. बोलताना दर दोन शब्दांनी थांबत. त्यांची सून म्हणाली, "दादा, आई सारख्या कुठल्या तरी मुलीचं विचारतात. आमच्यात तर कुणी हरवलेलं नाही." मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी डोळे उघडले.

"ती देपालपूरची?"

"मिळाली, मॅडम."

"कुठे होती?"

"मावशीकडे. बसमध्ये बसून गेली होती."

"बरी आहे?"

"बरी आहे."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. नळीतून हवेचा आवाज येत होता. "तिला कुणी काही बोललं होतं का?"

"नाही. कुणीच नाही."

"मग छापा ते," मॅडम म्हणाल्या. "या खेपेला छापा. चारच ओळी लागतात."

मी छापतो म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्या तीन दिवसांत त्यांनी पेपर मागितला होता का, हे मी सुनेला विचारलेलं नाही.

त्या मुलीच्या शाळेत आदल्या दिवशी काय झालं होतं, याची नोंद कुठे नाही. शिक्षकांनी जबाबात काही विशेष सांगितलेलं नाही. मी दर महिन्याला देपालपूरच्या ठाण्यात फोन करतो. मुलगी अद्याप सापडलेली नाही.